भाषावार कोडरचना

आयटीतली नोकरीची कुठलीही जाहिरात उघडा. उमेदवाराला जावा, पायथॉन, गो, टाइपस्क्रिप्ट आणि जमल्यास रस्ट यायला हवं. एसक्यूएल तर यायलाच हवं. अनुभव दोन ते चार वर्षं, पगार एका माणसाचा. रुजू झाल्यावर पहिले सहा महिने त्याला एक्सेलच्या शीट भरायला बसवणार, हे मात्र जाहिरातीत छापायची पद्धत नाही.

हे वाचून जुनी खोडं उसळतात. आमच्या वेळी एका कोबॉलवर अख्खी बँक चालायची म्हणे! चालायची ना. पण त्या कोबॉलच्या पुढे जेसीएल लागायचं, पोटात एसक्यूएल खुपसलेलं असायचं आणि वेग हवा तिथे गुपचूप असेम्ब्ली. एकभाषी सॉफ्टवेअर हे रामराज्यासारखं आहे. सगळ्यांना त्याची आठवण येते, पाहिलेलं कुणीच नाही.

आजचं साधं तिकीट काढायचं पान घ्या. मजकूर एचटीएमएलमध्ये, रंगरूप सीएसएसमध्ये, बटण दाबल्यावरची धावपळ जावास्क्रिप्टमध्ये, मागे सर्व्हरवर जावा किंवा तसलंच काही, आणि सीट शिल्लक आहे का हे विचारायला एसक्यूएल. पाच झाल्या. यातली एसक्यूएल आयबीएमच्या संशोधकांनी १९७४ साली मांडली. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली, आणि ते तिच्याकडे बघून कळतंही. एसक्यूएलला फक्त काय हवं ते सांगायचं, कुठून कसं आणायचं ते तिचं ती बघते. जावास्क्रिप्टला बोट धरून एकेक पायरी उतरवावी लागते. विचार करायच्या या वेगवेगळ्या रीतींना पॅराडाइम म्हणतात. मुलाखतीत हा शब्द हमखास विचारतात, नंतर कुणी त्याचं नाव काढत नाही.

मग येतात एआयवाले. ‘एआय म्हणजे पायथॉन’ हे त्यांचं ब्रीद. वरून कीर्तन, आतून तमाशा! पायथॉनच्या लाडक्या लायब्रऱ्या उघडून बघा: नमपायचं पोट सीमध्ये, पायटॉर्चचं सी++ मध्ये, ग्राफिक्स कार्डावरची मेहनत कुडामध्ये. नमपायच्या मागे समीकरणं सोडवणारी लॅपॅक ही लायब्ररी १९९२ची, आणि ती लिहिली फोरट्रानमध्ये. फोरट्रानचा जन्म १९५७चा. दहा कोटी आकड्यांची बेरीज पायथॉनच्या लूपमध्ये करा आणि मग नमपायला सांगा. पहिल्या वेळी चहाचा घोट होतो, दुसऱ्या वेळी कप उचलायलाही सवड मिळत नाही.

पण ही मिसळ झकास जमलेली आहे, हे कबूल करायला हवं. माणसाला सोपं ते वर, यंत्राला सोपं ते खाली, आणि मधली सीमा एकाच जागी, आखलेली, लिहून ठेवलेली. तिची राखण करणारी माणसंही ठरलेली. दुखणं भाषा पाच असण्यात नाही. भाषावार प्रांत पाडले की सीमाप्रश्न आलाच, आणि बेळगावला १९६६ साली निदान महाजन आयोग तरी मिळाला. बाकीच्या सॉफ्टवेअरच्या सीमेवर मात्र कुणी फिरकतच नाही.

आता या सीमेवरचे काही तंटे जवळून बघू.

कोल्हापूर. वाचणाऱ्याच्या हिशेबानं अक्षरं चार. पायथॉन म्हणतो नऊ, कारण काना, मात्रा, उकार आणि पाय मोडल्याची खूण हे सगळं तो वेगळं मोजतो. जावाचाही आकडा नऊच. गो आणि रस्ट बाइट मोजतात, त्यांचे सत्तावीस. आता फॉर्मवर गावाच्या नावाला वीसची मर्यादा घाला. जावा म्हणते, बसतंय, पुढे जाऊ द्या. मागे ओरॅकलचा कॉलम नेहमीच्या रिवाजाप्रमाणे बाइटमध्ये आखलेला असतो; तो सत्तावीस बघून दार लावतो. इंग्रजीत टेस्ट केलेलं असतं, त्यामुळे लंडनवाल्याला काही त्रास नाही. अडतं ते रंकाळ्यावर.

तारीख. जावास्क्रिप्टच्या कॅलेंडरात जानेवारी हा शून्य क्रमांकाचा महिना आणि डिसेंबर अकरावा. तारखा मात्र एकपासून. हा वारसा जुन्या जावाकडून आला, आणि त्याच्या आधी सीमध्येही महिने शून्यापासूनच होते. पायथॉनचा जानेवारी शहाण्यासारखा पहिला. पायथॉननं जावास्क्रिप्टला नुसता आकडा पाठवला की प्रजासत्ताक दिन फेब्रुवारीत साजरा होतो.

वार. सोमवारला शून्य मानलं, तर त्याच्या आदला वार कोणता? उणे एकला सातानं भागून बाकी काढा. पायथॉन म्हणतो सहा, म्हणजे रविवार. जावा, सी आणि जावास्क्रिप्ट म्हणतात उणे एक. हा वार कालनिर्णयमध्ये अजून छापलेला नाही.

आकडा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या इंग्रजी अंकांत टाइप करा. जावास्क्रिप्ट शेवटचा तीन खाऊन दोन परत देते, कारण दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडे तिच्या साध्या आकड्यांना प्रत्येक पूर्णांक धरून ठेवता येत नाही. जावामध्ये मात्र ही संख्या निवांत मावते. २०१०मध्ये ट्विटरनं ट्वीटचे क्रमांक लांबवले तेव्हा हेच नडलं. तोच क्रमांक आकडा म्हणून एकदा आणि मजकूर म्हणून पुन्हा एकदा पाठवायची वेळ आली. दोन भाषांचं जमेना म्हणून एकच गोष्ट दोनदा सांगायची, हे आपल्याकडच्या लग्नाच्या बोलणीत नेहमी चालतं. ट्विटरनं त्याला तंत्रज्ञान म्हटलं.

या चारही तंट्यांत प्रत्येक भाषा आपापल्या घरी बरोबर आहे. दोन्ही टीमच्या टेस्ट हिरव्या असतात. चूक मधल्या पट्ट्यात असते, आणि मधल्या पट्ट्याची टीम नसते.

मोठ्यांच्या घरी वेगळं चित्र नाही. लिनक्सचा कर्नल तीस वर्षं प्रामुख्यानं सीमध्ये वाढला. डिसेंबर २०२२मध्ये ६.१ आवृत्तीत रस्टला दार उघडलं. हौस म्हणून नव्हे. मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्येच सांगून टाकलं होतं, की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या घोळातून येतात. असल्या घोळांपैकी बरेचसे रस्टचा कंपायलर दारातच अडवतो. तरी २०२५च्या सुरुवातीला जुंपली. क्रिस्टोफ हेलविग हे जुनेजाणते. दोन भाषांच्या कोडबेसला त्यांनी थेट कॅन्सरची उपमा दिली. रस्टच्या बाजूच्या हेक्टर मार्टिन यांनी वैतागून देखभालीचं काम सोडलं. शेवटी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स मधे पडले. ज्याला रस्ट नको त्यानं बघू नये, पण मग दुसऱ्यानं वापरू नये असा नकाराधिकारही त्याला नाही, असा त्यांच्या निवाड्याचा मथितार्थ.

बातम्यांत हे भाषेचं भांडण म्हणून गाजलं. खरा प्रश्न रोखठोक होता: उद्या मी सीचं फंक्शन बदललं, तर त्यावर बेतलेला रस्टचा कोड दुरुस्त कोण करणार? तिथे निदान नावं घेऊन, चारचौघांत भांडले. आपल्याकडे हाच प्रश्न ‘ऑफलाइन घेऊ’ म्हणून मीटिंगमध्येच दफन होतो.

पॅराडाइमचं सोवळं तर विचारू नका. जावा जन्मली तेव्हा साधं ‘हॅलो’ छापायलाही क्लास बांधावा लागायचा. फंक्शनल मंडळी हसायची, ऑब्जेक्टवाले त्यांना पुस्तकी म्हणायचे. मार्च २०१४मध्ये जावा ८ आली आणि लॅम्डा, म्हणजे फंक्शनलवाल्यांचं बिननावाचं फंक्शन, मांडीला मांडी लावून बसला. सी++ नं तो २०११मध्येच घरात घेतला होता. मूळ कल्पना अलोन्झो चर्च यांची, १९३०च्या दशकातली. ऐंशी वर्षं उंबरठ्यावर उभं करून शेवटी ‘मॉडर्न फीचर’ म्हणून हारतुरे!

त्या दोन्ही पक्षांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे जगातला सर्वात मोठा फंक्शनल प्रोग्रॅमर अकाउंट्समध्ये बसतो. त्याच्या एक्सेलच्या सूत्रात पायऱ्या नसतात, व्हेरिएबल बदलत नाही, एका सेलची किंमत दुसऱ्या सेलवरून ठरते. मायक्रोसॉफ्टनं २०२०मध्ये तिथेही लॅम्डा आणला. अकाउंटंटनं ना कॉन्फरन्स भरवली, ना टी-शर्ट छापला. त्यानं जीएसटी भरला आणि तो घरी गेला.

मग इतक्या भाषा येतात कुठून? काही कामासाठी येतात, त्यांना नमस्कार. बाकीच्या रेझ्युमेसाठी येतात. एका हुशार गड्याला नवी भाषा शिकायची असते, म्हणून कंपनीच्या खर्चानं एक मायक्रोसर्व्हिस त्यात लिहिली जाते. अप्रायझलमध्ये तो ‘इनोव्हेशन’ ठरतो. वर्षभरात त्याच भाषेच्या जोरावर तो दुसरीकडे जातो. नोटीस पिरियडमध्ये केटी (नॉलेज ट्रान्सफर) नावाचा विधी होतो, म्हणजे तो बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. सर्व्हिस मागे राहते. तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

आणि एकदा आलेली भाषा जात नाही. एप्रिल २०२०मध्ये कोविडनं बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं, की आम्हाला कोबॉल येणारे स्वयंसेवक हवेत. कोबॉल १९६०ची. तिला आणणारे कधीच निवृत्त झाले होते, ती मात्र ड्यूटीवर होती.

म्हणून सरळ हिशेब सांगतो. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी नवी भाषा आणायची म्हणालं, तर तिचे गुण विचारू नका, ते त्याला तोंडपाठ असतात. सीमेवरून तारीख, आकडा आणि मराठी नाव कोणत्या रूपात जाणार हे कुठे लिहिलंय ते विचारा. रात्री दोनला ते बिघडलं तर फोन कुणाला करायचा ते विचारा. आणि तो माणूस सोडून गेला तर दुसरा कोण, तेही विचारा. तिन्ही उत्तरं मिळाली तर खुशाल आणा, पाचवी काय नि सहावी काय. नाही मिळाली, तर आहे त्या भाषेत मुकाट्यानं काम करा.