कूलर एक, मानकरी तेवीस

बातमी अकरा ओळींची. सेवाभावी क्लबने बसस्थानकावर प्रवाशांसाठी थंड पाण्याचा कूलर बसवला, एवढं सांगायला दोन ओळी पुरल्या. उरलेल्या नऊ नावांच्या. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, सहप्रकल्पप्रमुख, निमंत्रक, माजी अध्यक्ष, त्यांच्याही आधीचे माजी अध्यक्ष, आणि शेवटी 'आदी मान्यवर उपस्थित होते'. त्या 'आदी'त जे गेले त्यांच्या घरी त्या सकाळी चहा कसा झाला असेल, हे तालुक्याचं पान लावणाऱ्या कुठल्याही उपसंपादकाला विचारा. दहाच्या आत फोन येतो. दुसऱ्या दिवशी 'नजरचुकीने राहून गेलेली नावे' छापून येतात आणि क्लब फुटता फुटता वाचतो.

सोबतच्या फोटोत तेवीस जण आहेत. कूलर नाही. म्हणजे असणार, पण पुढच्या रांगेच्या मागे. खजिनदारांच्या कोपराखालून एक तोटी तेवढी डोकावते. कात्री एका हातात आणि त्या हातावर आणखी चार हात. फीत कापायला किती बळ लागतं, हे ज्याने कधी कापली नाही त्याला काय कळणार!

व्यासपीठावरच्या टेबलाला मात्र दाद द्यायला हवी. कूलरचं लोकार्पण, 'पाणी हेच जीवन' या विषयावर चार भाषणं, आणि प्रत्येक मान्यवरापुढे सीलबंद पाण्याची छोटी बाटली. कूलर दहा पावलांवर, चालू, गार. त्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी पेला ओठांपर्यंत नेला, फोटो निघाला, पेला जसाच्या तसा खाली आला. पाहुण्यांचा घसा वेगळा आणि प्रवाशांचा वेगळा, हे क्लबने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, तेही आभारप्रदर्शनाच्या आधी.

खरा प्रकल्प अर्थात भिंतीवर आहे. कूलरच्या डोक्यावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरांची. वर बोधचिन्ह, मग 'यांच्या स्मरणार्थ', 'यांच्या सौजन्याने', 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत', आणि खाली दोन रकान्यांत कार्यकारिणी. पाटी कूलरपेक्षा वीतभर रुंद. कूलर चार पायांवर नुसता उभा आहे. पाटी सिमेंटात बसवून वर चार कोपऱ्यांना पितळी फुलांचे स्क्रू आवळले आहेत. कूलरचा प्लग कुणीही काढतो, कारण मोबाइल चार्ज करायला स्थानकात चालू सॉकेट तेवढं एकच. पाटीला हात लावायची कुणाची छाती नाही. पेला साखळीने जखडलेला, आणि पेल्यावरही अध्यक्षांचं नाव कोरलेलं. म्हणजे जो कोणी पाणी पिईल त्याच्या नाकासमोर ते शेवटच्या घोटापर्यंत राहावं. कूलरच्या दोन्ही अंगांना स्टिकर, शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर स्टिकर, सांडलेलं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीवरसुद्धा एक. पन्हाळीचे दाते वेगळे आहेत आणि ते मोठ्या पाटीत आले नाहीत म्हणून नाराज आहेत, असं कळतं.

एवढ्या मजकुरात काय नाही, तेही वाचण्यासारखं आहे. फिल्टरची कँडल शेवटची कधी बदलली, ते नाही. टाकी कधी धुतली, नाही. बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा, नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत आणि १०० मिलिलिटर नमुन्यात कोलिफॉर्म जिवाणू आढळताच कामा नयेत. यातला एक आकडा पाटीवर आला असता तर पिणाऱ्याला काही कळलं असतं. पण आकड्याला ना हार घालता येतो, ना शाल.

दानाची पाटी लावायची रीत क्लबने शोधलेली नाही, हेही न्यायाला धरून सांगायला हवं. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा मानला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे: कोणत्या यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापणं, याची भिंतभर यादी. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलेलं. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या, नावं मात्र अजून वाचता येतात. क्लबच्या ग्रॅनाइटवाल्याने या स्थळाला भेट दिली असावी. फरक इतकाच की नाणेघाटात कोरलेल्या टाक्यांमध्ये पाणीही आहे. कान्हेरीच्या लेण्यांत तर कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं आणि लेख कोरला तो मोजक्या शब्दांचा: कोण, कुठला, काय दिलं. निमंत्रक नाहीत, सहनिमंत्रक नाहीत. कातळातल्या टाक्याला कँडल लागत नाही, हा सोनाराचा फायदा मान्य.

आता हा कूलर किती दिवस गार पाणी देईल, याचं उत्तर कॉम्प्रेसरमध्ये नाही, क्लबच्या कॅलेंडरमध्ये आहे. क्लबचं वर्ष १ जुलैला उजाडतं आणि ३० जूनला मावळतं. उन्हाळा येतो तो वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात, अध्यक्षांची मुदत संपत आलेली आणि अहवालातला 'नवे प्रकल्प' हा रकाना अजून भरायचा असताना. म्हणून मेमध्ये कूलर. पहिली कँडल तुंबायला येते ऑगस्टच्या सुमाराला. तोवर अध्यक्ष माजी झालेले असतात आणि नव्या अध्यक्षांच्या गळ्यात पदाची साखळी पडलेली असते. त्यांनी मागच्याच्या कूलरची कँडल का बदलावी? बदलली तर पाटी कुणाची उजळेल? दुरुस्तीला अहवालात रकाना नाही, फोटो नाही, फीत नाही. वीजबिल कुणी भरायचं यावर क्लब आणि स्थानक यांच्यात एक पत्र जातं, एक येतं, मग प्लग कायमचा निघतो. पुढच्या मेमध्ये नवे अध्यक्ष शेजारी दुसरा कूलर बसवतात. आता भिंतीवर दोन पाट्या, खाली दोन कूलर, चालू एकही नाही. वृक्षारोपणाची गत याहून निराळी नसते. जुलैत खड्डा मागच्याच वर्षीचा, आत रोप नवं, भोवती पिंजरा आणि पिंजऱ्याला पत्रा. पत्र्याला पाणी घालावं लागत नाही.

इथपर्यंत हसून झालं. मेमधली दुपार घ्या. पत्र्याच्या शेडखाली चाळिशी ओलांडलेलं ऊन, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली बाई, कडेवर तापाने फणफणलेलं पोर, घरून भरून आणलेली बाटली एव्हाना संपलेली. ती कूलरपाशी येते, तोटी दाबते, दुसरी दाबते, दोन्ही कोरड्या. पाटीवर तेवीस नावं सोन्यासारखी चमकतायत. मग ती पदराची गाठ सोडते आणि स्टॉलवरून वीस रुपयांची बाटली घेते. ही वीस रुपयांची वसुली कुणाच्या नावावर टाकायची? कूलर नसता तर कुणीतरी तक्रार तरी केली असती. आता तक्रारीला उत्तर तयार आहे, 'सोय आहे ना, क्लबने दिलाय कूलर.' म्हणजे या दानाने पाणी दिलं नाहीच, वर पाणी मागायचा हक्कही काढून घेतला. आणि हे पैशांअभावी झालेलं नाही. त्या दिवशीच्या शाली, श्रीफळं, फ्लेक्स, स्मृतिचिन्हं आणि अल्पोपाहार यांच्या खर्चात किती वर्षांच्या कँडली आल्या असत्या, हा हिशेब खजिनदारांनीच मांडावा, त्यांना तो सहज जमेल. दानाच्या पावतीवर आयकरात सवलत मिळू शकते, रोख २००० रुपयांच्या वर दिले तर ती मिळत नाही, हे त्यांना पाठ असतं. त्या नियमात ग्रॅनाइटची अट कुठेही नाही.

क्लबला पाठपुरावा जमत नाही, असंही म्हणता येत नाही. हीच मंडळी मोतीबिंदूची शिबिरं भरवतात. तिथे पेशंटला गावाहून आणतात, ऑपरेशन करवतात, दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात, थेंब कधी कितीदा घालायचे ते दोनदा समजावतात, तपासणीला परत बोलावतात. डोळा शिवून, फोटो काढून, 'आता बघा तुमचं तुम्ही' असं तिथे कुणी म्हणत नाही. तीच माणसं, तीच कार्यकारिणी. डोळ्याला जमतं ते तोटीला का जमू नये?

पूर्वीची पाणपोई आठवणारे लोक अजून आहेत. पाडव्याच्या सुमाराला बाजारपेठेत मांडव पडायचा, वाळूत रांजण रोवले जायचे, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. रांजणापाशी एक म्हातारी किंवा म्हातारा बसलेला, लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत पाणी घालणारा. खर्च रांजणाचा नव्हता. तो एकदाच यायचा. खर्च त्या माणसाचा होता. व्यापारी पाऊस पडेपर्यंत त्याचा रोज द्यायचा आणि त्या रोजात रांजण दररोज घासणं, पाणी भरणं, तहानेलेल्याला 'ये बाबा' म्हणणं हे सगळं यायचं. क्लबच्या अंदाजपत्रकात वस्तूला तरतूद असते, माणसाला नसते. माणसावर स्टिकर चिकटत नाही ना.

नावाची हौस मात्र मारू नये. तेवीस जणांची हौस ही मोठी शक्ती आहे, ती फक्त योग्य कागदावर उतरवली पाहिजे. मॉलच्या स्वच्छतागृहात दाराआड एक तक्ता लटकत असतो: तारीख, वेळ, कुणी साफ केलं, सही. तसाच तक्ता कूलरला लावावा. टाकी धुतली, सही. कँडल बदलली, सही. पाणी तपासायला पाठवलं, सही, आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल. तेवीस माणसं आणि बारा महिने. प्रत्येकाला नाव लिहायची संधी वर्षातून एकदा तरी नक्की मिळेल, सहनिमंत्रकांना दोनदा. 'आदी' हा रकाना ठेवू नये. तक्ता अडकवायला एक खिळा लागेल. तो ठोकायला हातोडा एकच पुरतो आणि हातोड्यावर हातही एकच. प्रमुख पाहुणे बोलावू नयेत.