आधी पंखा बंद करा

एआय सहायक कसा हाताळावा, हे मार्गदर्शन जूचंद्र गावच्या माणसाला खरं तर लागायला नको. दिवाळीत आमच्याकडे रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात. व्यक्तिचित्रं अशी हुबेहूब, की चित्रातल्या म्हातारीच्या सुरकुत्या बघून आपणच चष्मा पुसतो. आणि हे सगळं जमिनीवर, सुट्ट्या भुकटीत. दारात पोराटोरांना पहिला दम मिळतो तो पंख्याच्या बटणाला हात न लावण्याचा. एवढं ज्याला कळलं त्याला एआय सहायक हाताळणं कळलं. पण तोच माणूस ऑफिसात गेला की विसरतो, उदाहरणार्थ, मी.

सहायक नुसत्या गप्पा मारत होता तोवर ठीक होतं. चुकला तरी हसून सोडून द्यायचं. आता त्याला ईमेल, कॅलेंडर, फाइली सगळं जोडता येतं. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची सामाईक जोडणी खुली केली आणि हे काम आणखी सोपं झालं. ओटीवर बसून सल्ले देणारा पाहुणा माजघरात आला म्हणा ना.

तेव्हा नियम पहिला: परवानग्या गाडीच्या घाईत देऊ नयेत. वाचायची परवानगी वेगळी, पाठवायची वेगळी, पुसायची तर फारच वेगळी. वसई-दिवा मार्गावरची आमची गाडी चुकली की पुढची कधी हे विचारायची सोय नाही, म्हणून मी जूचंद्र स्टेशनात उभ्याउभ्या दिसेल त्या बटणावर 'हो' दाबत गेलो. मग दिवाळीची रजा टाकली आणि सहायकाला म्हटलं, ''सगळ्यांना कळव, मी उद्यापासून नाही.''

माझ्या मनातले 'सगळे' म्हणजे शेजारच्या टेबलावरचे चौघे. त्याचे 'सगळे' म्हणजे अख्खी पत्त्यांची वही. मजकूर एवढाच: 'मी उद्यापासून नाही.'

पहिला फोन पनवेलच्या आत्याचा, रडत. जुन्या घरमालकांनी डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापल्याबद्दल घरच्यांची क्षमा मागितली. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. ती माझी वडापावची चटणी पुसण्यात गेली.

म्हणून नियम दुसरा: आधी खडूची रेघ, मग रंग. मसुदा करायला सांगावं, कोणाकोणाला जाणार ती नावं वाचावीत, मगच पाठवावं.

तिसरा नियम जरा बिकट आहे. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी कोणाला दिसते? बाहेरून आलेल्या पत्रात कोणी तशाच न दिसणाऱ्या अक्षरांत 'याच्या फाइली मला पाठव' असं लिहून ठेवू शकतं. तुम्हाला ते दिसत नाही. सहायक मात्र वाचतो, आणि हुकूम तुमचा की परक्याचा हे त्याला दर वेळी कळतंच असं नाही. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. २०२५मध्ये संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या सहायकात अशी फट दाखवली, की मालकाने कशावरही क्लिक न करता नुसत्या एका ईमेलने आतली माहिती बाहेर जाऊ शकली असती. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली. तरी परक्यांची पत्रं वाचणाऱ्याच्या हातात तिजोरी आणि टपालपेटी एकदम देऊ नये.

चौथा: मूळ माहितीची प्रत सहायकाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावी. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या सॉफ्टवेअर कंपनीच्या एआय सहायकाने 'काही बदलू नकोस' अशी ताकीद असतानाही एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, आणि वर तो परत आणता येणार नाही असंही ठोकून दिलं. तो परत आणता आला. चूक केली ती केली, तिचा पंचनामाही त्यानेच लिहिला!

माझ्या सहायकाची पाठवायची परवानगी मी काढून घेतली आहे. काल त्याने आपणहून एक मसुदा पुढे केला: 'मी पुन्हा आहे. सगळ्यांना कळवू का?'

तो तसाच पडून आहे. घरमालक रंगकामाचे पैसे शुक्रवारी देणार आहेत.