चुकीच्या दुकानातला माणूस

विनूकाकांना हवी ती वस्तू योग्य दुकानात मिळत असली, तरी ते तिथून घेत नाहीत. छोट्या विमानाच्या टाकीत इंधन भरायला गुरांच्या औषधांच्या दुकानातली सिरिंज. हँडल हातातून सुटू नये म्हणून मनगटाला नातवाच्या वॉटरबॅगचा पट्टा. वस्तू ज्या कामासाठी बनली त्याच कामाला वापरणं, हा त्यांच्या लेखी बुद्धीचा अपमान. कुणी शंका काढलीच, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "अहो, तत्त्व तेच आहे!"

त्यांची विमानं रिमोटवाली नव्हेत. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागलेला हा नाद आहे: कंट्रोल लाइनचा. माणूस मधे उभा, हातात हँडल, हँडलपासून दोन दोऱ्या विमानापर्यंत. मनगट वर-खाली केलं की पंखातली बेलक्रँक हलते, तिच्यामुळे शेपटीचं एलिव्हेटर हलतं आणि विमान चढतं किंवा उतरतं. या दोऱ्या पोलादी तारेच्या असायच्या. तारेला एकदा पीळ बसून मोड पडली की ती कामातून गेली, आणि काकांच्या तारेला ती दर रविवारी पडायची.

उपाय सापडला मालवणात. काकू बाजारात काजू बघत होत्या, काका मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरले आणि विणीच्या दोरीचं वीस पौंडी रीळ मागितलं.

"खंयचो मासो धरूचो हा?" दुकानदाराने विचारलं.

"वजन दीडशे ग्रॅम. पण ओढ अर्ध्या किलोची."

"मगे वीस पौंडी कित्याक?"

"पुन्हापुन्हा धरायचाय."

दुकानदाराने रीळ दिलं आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून आम्हाला या दोरीचं पुराण तोंडपाठ आहे. ती पॉलिथिलीनची, फारशी ताणली जात नाही, मोड पडत नाही, पाण्यावर तरंगते. साधी कात्री तिला नुसती चघळते. गुळगुळीत इतकी, की साधी गाठ सुटून येते. म्हणून काका कोळ्यांसारखी दुहेरी गाठ मारून वर फेविक्विकचा थेंब टाकतात. १५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तापलेल्या इंजिनापासून लांब. वरची दोरी पिवळी, खालची हिरवी. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, त्यासाठी सोसायटीच्या गच्चीवर ३५ फुटांवर दोन खिळे ठोकलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा तिथे गोधडी वाळत घातली, तो विषय अजून मिटलेला नाही.

एवढा जुगाडी माणूस मैदानावर मात्र कडक मास्तर होतो. आधी वर बघणार: विजेची तार जवळपास दिसली की विमान पिशवीत परत. मग दोऱ्या हँडलसकट जोरात ओढून बघणार. मोठ्या विमानाला दोरी नाहीच, तिथे पोलादच. "तिथे तत्त्व बदलतं," म्हणतात. कसं बदलतं, हे विचारायची आमची हिंमत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला एक हवालदार आले. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची बंदी. त्यांना संशय येणारच. काकांनी त्यांच्या बोटांवरून दोरी फिरवून काच नसल्याचं दाखवलं आणि पाठोपाठ हँडलच हातात दिलं. एक फेरी जेमतेम चार सेकंदांची. आठव्या फेरीला हवालदार टोपी सावरत खाली बसले, विमानही बसलं, जरा जोरात. "पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं," काका त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. हवालदार पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आले.

काकूंचा या सगळ्याला विरोध आहे. पण उन्हाळ्यात उडदाच्या पापडांच्या लाट्या कापायला दोरा हवा होता, तेव्हा त्यांनी रिळातली हातभर दोरी घेतली. काका हादरले: "अगं, ती विमानाची आहे!" लाट्या सुरेख कापल्या गेल्या, हे मात्र त्यांनी मान्य केलं.

येत्या शनिवारी दाताच्या डॉक्टरांकडे सोबत चला म्हणालेत. दात आम्हा दोघांचेही ठणठणीत आहेत. वेडेवाकडे दात सरळ करायची जी बारीक तार असते ना, तिच्यावर त्यांचा डोळा आहे.