आमचं गटार, दिल्ली दरबार

भिंगारच्या माणसाला वर्तमानपत्र वाचायला नगरच्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. याचा शिक्षणाशी काही संबंध नाही. नगरकर बातमी वाचतो आणि पान उलटतो. भिंगारकराला मात्र बातमी वाचून झाली की ‘ही आपल्याला लागू आहे का?’ याचा निकाल लावावा लागतो. ‘घरपट्टीच्या दंडात घसघशीत सवलत’ असा मथळा वाचून तो बायकोला हाक मारतो, तेवढ्यात खालच्या ओळीत ‘महापालिका हद्दीतील’ हे शब्द दिसतात. बायको आलेलीच असते, मग तिला चहा मागायचा. ‘ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा निधी’. आपण ग्रामपंचायतीत नाही. ‘नगरपालिकांच्या रस्त्यांना राज्याची मदत’. आपण नगरपालिकाही नाही. असं करत करत तो आतल्या पानावर पोहोचतो. तिथे संरक्षण मंत्रालयाने नव्या क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केलेली असते. हे मात्र आपलं खातं! कारण ज्या मंत्रालयाची क्षेपणास्त्रं आहेत, त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आमची गटारं आहेत.

बाहेरगावच्या पाहुण्याला ही थाप वाटते. त्याला जरा मागून सांगावं लागतं. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. १८१७ नंतर इंग्रजांचा इथे जम बसला, पलटणी आल्या, पलटणींच्या मागे व्यापारी आले, सदर बाजार भरला. इंग्रज गेले, पलटणी राहिल्या. आज रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि स्कूल इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, शिवाय रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे तेवढं एक हक्काचं ठिकाण आहे. या सगळ्याच्या कुशीत आम्ही राहतो, कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत. महाराष्ट्रात अशी सात बोर्डं: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद आणि आमचं.

बोर्डाचा कायदा २००६ चा, त्याआधीचा १९२४ चा. त्यानुसार बोर्डाचे अध्यक्ष म्हणजे लष्कराचे स्टेशन कमांडर. कारभार पाहणारे मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतले, म्हणजे थेट केंद्राचे. लोकांनी निवडलेले सदस्य आमच्याकडे सात, त्यांच्यातून एक उपाध्यक्ष. शेजारच्या महापालिकेत महापौर असतो, त्याला शाल-श्रीफळ देता येतं, मोर्चा नेता येतो, वेळप्रसंगी त्याच्या नावाने शंख करता येतो. ब्रिगेडियरच्या नावाने शंख कसा करणार? समोरून साहेब गणवेशात आले की आमचा कडक निषेधसुद्धा आपोआप सावधान स्थितीत उभा राहतो.

मतदानाची गंमत वेगळीच. भिंगारकर आमदार निवडतो तो नगर शहराचा. खासदार निवडतो तो नगर लोकसभा मतदारसंघाचा. उत्पन्नाचा दाखला काढतो राज्य सरकारच्या तहसील कचेरीत, जन्माचा दाखला केंद्र सरकारच्या बोर्डात. रेशन कार्ड राज्याचं, घरपट्टी बोर्डाची. एकच माणूस सकाळी अकराला महाराष्ट्राचा असतो आणि दुपारी तीनला दिल्लीचा. मध्ये जेवायला घरी येतो तेव्हा तो नक्की कोणाच्या हद्दीत जेवला, हे विचारू नये.

हद्द हा आमचा खरा विषय. एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला नागरदेवळ्याची गावहद्द, मधूनमधून लष्कराची जमीन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीवरचा ढापा फुटला. एका पावसाळी संध्याकाळी त्यात एका दुधवाल्याची सायकल पुढच्या चाकाने उतरली. दूध वाचलं, सायकल वाचली, दुधवाल्याची भाषा मात्र तेवढी शुद्ध राहिली नाही. आम्ही चारजण तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, मला अजून एक दाखला काढायचाय.

तिथल्या भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून नकाशा काढला. नकाशा जुना, कापडावर चिकटवलेला, आठ घड्यांचा. टेबलावर मावेना म्हणून त्याचं एक टोक मी धरलं, दुसरं शेजारच्या आबांनी. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला, बोटाने सदर बाजारापासून निघाले, डावीकडे वळले, मशिदीवरून पुढे आले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले.

“अवघड आहे,” ते म्हणाले.

“का?”

“ढापा घडीत गेलाय.”

खरंच गेला होता. वर्षानुवर्षं दुमडून दुमडून नकाशा नेमका तिथेच झिजला होता. घडीच्या अलीकडे एक खातं, पलीकडे दुसरं, आणि मध्ये बोटभर रुंदीची पांढरी रेघ. त्या रेघेत आमचा ढापा, दुधवाल्याची सायकल आणि बहुधा आबांच्या घराचा ओटा.

“मग अर्ज कुणाच्या नावे करायचा?” आबांनी विचारलं.

“दोघांच्याही करा. एकाला मूळ प्रत, दुसऱ्याला माहितीस्तव.”

“मूळ कुणाला?”

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “तेच तर ठरायचंय.”

शेवटी ढापा बसला तो गणपतीच्या आदल्या आठवड्यात. मंडळाच्या पोरांनी कुठून तरी जाडजूड शहाबादी फरशी आणली आणि टाकली, कारण मिरवणुकीचा ट्रॅक्टर तिथूनच जाणार होता. त्यांनी नकाशा पाहिला नव्हता. फरशी बसल्यावर आठवडाभरात तिच्याशेजारी एका भावी नेत्याचा फ्लेक्स लागला: ‘विकासकामाबद्दल हार्दिक आभार’. आभार कोणी कोणाचे मानलेत, हे त्यावर लिहिलं नव्हतं. म्हणजे फ्लेक्ससुद्धा घडीतच गेला.

भावी नेते म्हटले की आमच्याकडे सगळ्यांचा गळा दाटून येतो. बोर्डाचं शेवटचं मतदान झालं जानेवारी २०१५ मध्ये. पाच वर्षांची मुदत संपली, मग सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आलेले सदस्य घरी गेले. त्यानंतर आलं ‘व्हेरिड बोर्ड’. त्यात अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य. तिघांत बहुमत चटकन होतं, हा त्याचा मोठा फायदा.

योगायोग असा, की ज्या फेब्रुवारीत सदस्य गेले, त्याच फेब्रुवारीत ‘ई-छावणी’ पोर्टल आलं. १६ फेब्रुवारी २०२१ ला संरक्षण मंत्री राजनाथ सिंह यांनी त्याचं उद्घाटन केलं. पोर्टल चांगलं आहे, यात शंका नाही. तक्रार नोंदवा, पाण्याचा जोड मागा, धंद्याचा परवाना काढा, घरपट्टी भरा, सगळं घरबसल्या. तक्रार टाकली की क्रमांक मिळतो. आबांना तो क्रमांक इतका आवडला की त्यांनी तो देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पण मेंबरचं काम पोर्टलला जमत नाही. मेंबर लग्नाच्या पंगतीत सापडायचा. शुक्लेश्वराच्या दर्शनाला आला की देवळाच्या पायरीवर सापडायचा. त्याच्या पानात जिलेबी वाढता वाढता ‘दादा, नळाला चार दिवस पाणी नाही’ असं सांगता यायचं, आणि तोंडात जिलेबी असल्यामुळे त्याला नाही म्हणता यायचं नाही. पोर्टलला जिलेबी कशी वाढणार?

मध्यंतरी एकदा आशा पल्लवित झाली होती. देशभरातल्या सत्तावन्न बोर्डांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ ला घेण्याचं जाहीर झालं. भिंगारमध्ये एकाएकी सगळे नम्र झाले. ज्यांनी वर्षानुवर्षं ओळख दाखवली नव्हती ते आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागले. एका इच्छुकाने तर पांढऱ्या सदऱ्याचे तागे आणले. आणि १७ मार्चला अधिसूचना निघाली: निवडणूक रद्द. शिंप्याने सदरे शिवून ठेवले होते. ते पुढे लग्नसराईत कामाला आले.

रद्द होण्यामागे जी गोष्ट सांगितली गेली, ती आमच्या चर्चेचा आजवरचा खुराक आहे: लष्करी भाग लष्कराकडे ठेवून नागरी वस्ती शेजारच्या पालिकांकडे सोपवायची. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधली योलची छावणी अशी मोकळी झाली. त्या दिवसापर्यंत भिंगारमध्ये योलचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पानपट्टीवरचा माणूससुद्धा सांगत होता की ते कांगडा जिल्ह्यात, धरमशाळेच्या जवळ आहे आणि तिथली हवा छान आहे.

तेव्हापासून भिंगारची अवस्था साखरपुडा होऊन तारीख न निघालेल्या मुलीसारखी आहे. माहेरचे म्हणतात, आता ती त्यांची. सासरचे म्हणतात, अजून आलेली नाही. मधल्या काळात तिला नवी साडी कोणी घ्यायची, हा प्रश्न. त्यात माहेरची परिस्थिती ओढगस्तीची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकातीसारखे कर गेले, आणि बोर्डांना अनुदानासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागलं.

सासर कोणतं, यावरही एकमत नाही. कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, महापालिकेत जाऊ. बांधकामाला परवानगी तरी सुटसुटीत मिळेल, राज्याच्या योजना लागू होतील, वर्तमानपत्र वाचताना ‘हद्दीतील’ हा शब्द शोधावा लागणार नाही. दुसरा म्हणतो, महापालिकेत गेलो तर तिथल्या शेकडो गल्ल्यांत आपली गल्ली शेवटची. त्यापेक्षा भिंगारची स्वतंत्र नगरपालिका करा. पहिला म्हणतो, नगरपालिकेला पैसा कुठून येणार? दुसरा म्हणतो, महापालिकेकडे तरी कुठे आहे? मग दोघं मिळून चहा मागवतात आणि पैसे तिसरा देतो. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपून तिथेही प्रशासक आले, तेव्हा काही काळ दोन्ही पक्षांत संपूर्ण शांतता होती. शेजाऱ्याचंही तेच झालं की माणसाला बरं वाटतं.

दिल्लीशी आमचं नातं तसं जुनं आहे. औरंगजेब दक्खन जिंकायला उत्तरेतून आला, पंचवीस वर्षं वणवण फिरला आणि १७०७ मध्ये आमच्या शेजारी, भिंगारजवळच्या छावणीत मरण पावला. जवळच्या आलमगीर वस्तीच्या नावात तो अजून आहे. दिल्लीचा बादशहा भिंगारला आला, तो परत गेला नाही. आता भिंगारची फाईल दिल्लीला जाते, तीही परत येत नाही. हिशेब चुकता.

या सगळ्यात काहीच बदललं नाही असं मात्र नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आबांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ही लागू आहे का रे आपल्याला?” मी म्हटलं, “पत्त्यात शहराचं नाव असतं ना, मग आहे.” आबांना समाधान वाटलं. एक तरी निर्णय असा निघाला, ज्यासाठी कपाटातला नकाशा काढावा लागला नाही.

आता विनोद बाजूला ठेवून एक मागणं. आमचं भांडण लष्कराशी नाही. कॅम्पातले रस्ते झाडलेले असतात, झाडं जपलेली असतात, ते आम्ही रोज पाहतो आणि पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. भांडण आहे ते ‘ठरायचंय’ या उत्तराशी. महापालिकेत घ्यायचं तर घ्या. नगरपालिका द्यायची तर द्या. यातलं काहीच होणार नसेल तर बोर्डाची निवडणूक घ्या. २०१५ मध्ये जे पोर चौथीत होतं, ते आता मिशा ठेवून फिरतंय, आणि बोर्डासाठी त्याच्या बोटाला अजून शाई लागलेली नाही. आम्हांला फार थोर माणूस नको. ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल आणि पाच वर्षांनी ज्याला पाडता येईल, असा एक मेंबर द्या.

आणि भिंगारकरांनो, तोवर घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. हद्द उद्या कोणाकडेही गेली तरी योजना वाटेत हरवतील, फाईल हरवेल, नकाशाही हरवेल. थकबाकी मात्र बरोबर घर शोधत येईल.