बर्न रेट शून्य

पुण्यात बाणेरच्या एका स्टार्टअपची बोर्ड मीटिंग नुकतीच फार गंभीर वातावरणात पार पडली म्हणे. कारण तोटा नव्हता. म्हणजे, तोटा नव्हता हेच कारण. सोसायट्यांमधले पार्किंगचे तंटे सोडवणारं अॅप बनवायला या मंडळींनी ४० कोटी उभे केले होते आणि दीड वर्षानंतरही ते जसेच्या तसे मुदत ठेवीत होते.

"बर्न किती? म्हणजे, किती पैसे उडवले?" बेंगळुरूहून आलेल्या गुंतवणूकदाराने विचारलं.

"नाही झाला."

"उत्पन्न?"

"अॅपमधून वर्षाला १ कोटी १० लाख. व्याजातून २ कोटी ८०."

गुंतवणूकदाराने पाणी मागितलं. त्याचंही दुःख खरं आहे. त्याच्या फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. दरसाल दोन टक्के शुल्क आणि नफ्यात वीस टक्के वाटा, हे त्याचं पोट. पंचवीस कंपन्यांत पैसे टाकायचे, वीस बुडाल्या तरी चालतात, एखादी पन्नासपट झाली की भागलं. सात टक्क्यांवर सुखाने जगणारी कंपनी मात्र ना बुडते ना उडते. तिचं करायचं काय? उद्या त्याचे पैसेवाले विचारणार : ठेवच ठेवायची होती, तर मध्ये तुम्ही कशाला?

'वीस शहरांत जा, सवलती वाटा, क्रिकेटपटू आणा' असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. पण 'आमची कोठेही शाखा नाही' हे जिथे अभिमानाने रंगवून लावतात, त्या गावात हे सांगायचं म्हणजे कमालच.

बरं, पुण्याला याबाबतीत परंपरा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलाश काटकरांच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचंच पाहा. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक फंडाने तिथे ६० कोटी घातले. २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी शेअर विकून ४५१ कोटींचा आयपीओ झाला. त्यातले २५० कोटी कंपनीकडे आले, बाकीचे पैसे आपले शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांना गेले. पुढे कंपनीने आपलेच शेअर परत घ्यायला काढले : २०१९ मध्ये २७५ रुपयांनी १७५ कोटींचे, २०२१ मध्ये २४५ रुपयांनी १५५ कोटींचे, २०२२ मध्ये ३०० रुपयांनी १५० कोटींचे. बेरीज ४८० कोटी. सगळं कायदेशीर. लक्ष्मी रोडवर विकलेला माल परत घेत नाहीत. इथे घेतला, आणि तिन्ही वेळा विकल्या भावाच्या खाली. हे बिझनेस स्कूलमध्ये शिकवत नाहीत, आजोळी शिकवतात.

असो. मीटिंगमध्ये खरा पेच पुढेच आला. संस्थापकाचे वडील बँकेतून निवृत्त, आणि कंपनीचे मानद सल्लागार. ते म्हणाले, "खर्चाचं नंतर बघू हो. पैसे सुरक्षित आहेत का, ते आधी बघा." मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. जगभरच्या स्टार्टअपवाल्यांना तेव्हा कळलं की विमा फक्त अडीच लाख डॉलरचा असतो. पुणेकरांना ते आधीच ठाऊक होतं. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये पैसे काढण्यावर निर्बंध आले, ते २०२२ मध्ये परवाना जाईपर्यंत. जवळजवळ दहा वर्षं पैसे न खर्चण्याचा असा सामूहिक सराव कॅलिफोर्नियात कुणी केलाय?

"विमा एका बँकेत ५ लाखांचा," वडिलांनी कागदावर भागाकार मांडला. "४० कोटींना ८०० बँका लागतील. पुण्यात एवढ्या नाहीत. सांगली, सोलापूर, जळगाव धरावं लागेल. मग गुजरात, कर्नाटक. देशात नागरी सहकारी बँका चौदाशेच्या वर आहेत, भागेल आपलं. आणि प्रत्येक ठिकाणी केवायसीला माणूस पाठवावा लागेल, तेव्हा भरतीही आलीच."

गुंतवणूकदाराने लॅपटॉप उघडला. चेहऱ्यावर प्रथमच तरतरी आली. आपल्या फंडाला पाठवायच्या तिमाही अहवालात त्याने लिहिलं : कंपनीने आक्रमक देशव्यापी विस्तार हाती घेतला असून पहिल्या टप्प्यात ८०० ठिकाणी प्रवेश.