उतरवून घेतलेली साथ

साथ 'आली' असं आपण म्हणतो. पाऊस आला, पाहुणे आले, तशी साथ आली. पॅसिफिकमधल्या सामोआच्या बाबतीत हे क्रियापद मला मान्य नाही. तिथं साथ बोटीतून उतरवून घेतली.

7 नोव्हेंबर 1918. पश्चिम सामोआ तेव्हा न्यूझीलंडच्या लष्करी अंमलाखाली होता. 'तालुने' ही बोट ऑकलंडहून आपिया बंदरात पोचली. ऑकलंडमध्ये इन्फ्लुएंझा भडकला होता. वाटेत फिजीच्या सुवा बंदरात याच बोटीला विलग्नवासात ठेवलं होतं. बोटीवर माणसं तापानं पडलेली होती. तरीही आपियात उतारूंना किनाऱ्यावर जाऊ दिलं.

जेमतेम अडतीस हजार वस्तीचा मुलूख. त्यातली सुमारे 8,500 माणसं गेली. पाचातलं एक. अख्खं घरच आडवं झाल्यावर चूल कोण पेटवणार, तोंडात पाणी कोण घालणार? तापातून उठली असती अशी माणसंही अन्नपाण्यावाचून गेली. मालमोटारी दारोदार फिरून प्रेतं उचलत होत्या आणि वैमोसोच्या मोठ्या खड्ड्यात ती एकत्र पुरली जात होती. गेलेल्यांत मताई, म्हणजे कुळप्रमुख, फार होते. कुळाची वंशावळ, जमिनीचा हक्क, सभेत बोलायची रीत, सगळं त्यांच्या तोंडी असे. ते त्यांच्याबरोबर मातीत गेलं.

आता शेजारी बघा. आपियापासून सव्वाशे किलोमीटरवर पागो पागो. तोच समुद्र, तेच लोक, तीच भाषा, दोन्हीकडे एकमेकांचे सोयरे. फरक एवढाच की तिथं अमेरिकेचा अंमल होता आणि जॉन पॉयर नावाचा गव्हर्नर होता. त्यानं बोटी अडवल्या, विलग्नवास सक्तीचा केला. गावकऱ्यांनी स्वतः किनाऱ्यावर पहारे दिले, होडीनं येणाऱ्या नातेवाइकांनाही परत पाठवलं. काय वाटलं असेल त्यांना, आपल्याच माणसाची होडी मागे फिरवताना! तिथं या तापानं एकही माणूस मेलं नाही. एकही नाही.

पॉयरनं आपियाला वैद्यकीय मदत देऊ केली. तिथला प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन याने उत्तर दिलं नाही. उलट पागो पागोशी असलेला बिनतारी संपर्कच तोडला, कारण आपियाची टपालबोट पागो पागोनं विलग्नवासात अडकवली याचा त्याला राग होता. माणसं पटापट मरत असताना या गृहस्थाचा मानापमान चालू होता.

'त्या काळी कुणाला काय कळत होतं' हे मला सांगू नका. मुंबईच्या गोदीवरले पोलीस शिपाई जून 1918 मध्येच या तापानं पडले होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत हिंदुस्थानात लाखोंनी माणसं मेली. युद्धातल्या जहाजांनी गजबजलेली मुंबई बंद ठेवणं कठीण होतं, हे मी मान्य करतो. आपियात अडवायची होती एक बोट.

आणि 101 वर्षांनी पुन्हा तीच बेटं. 2019 मध्ये ऑकलंडला गोवराची साथ होती, ती सामोआत पोचली. 83 मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं. आदल्या वर्षी दोन बाळांना लस देताना परिचारिकांनी पाण्याऐवजी मुदत संपलेलं भुलीच्या वेळचं औषध मिसळलं आणि बाळं दगावली. सरकारनं काही महिने लसीकरणच थांबवलं. आईबापांचा विश्वास उडाला, त्यात लसविरोधकांनी तेल ओतलं. लस मिळालेल्या बाळांचं प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आलं. आईबापांना मी बोल लावणार नाही. चूक कबूल करून, सुधारून, दुसऱ्या महिन्यात दारोदार जाणं हे सरकारचं काम होतं. ते डिसेंबर 2019 मध्ये झालं. दोन दिवस सगळं बंद, घरात लस न घेतलेलं कुणी असेल तर दारात लाल कापड, आणि पथकं घरोघरी. फिजीत आणि टोंगातही त्याच सुमारास गोवर शिरला होता. तिथं लसीकरण शाबूत होतं, एकही मूल गेलं नाही.

1918 बद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन माफी मागितली, ती 2002 मध्ये. तोवर त्या खड्ड्यातल्यांची नातवंडं म्हातारी झाली होती.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या बातम्या येताच सामोआनं आपली दारं लावून घेतली. परदेशात अडकलेल्या स्वतःच्या माणसांनाही महिनोन्‌महिने थांबवलं. गावागावांत कोविड पसरला तो थेट मार्च 2022 मध्ये, आणि तोवर बहुतेक प्रौढांच्या दंडात लस गेलेली होती.