समुपदेशनात कोणतं गाव मिळालं?

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की मी समुपदेशनात एम.ए. करतोय. ऑनलाइन. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एका सरांनी चहाच्या बशीतून तोंड वर काढलं आणि काळजीने विचारलं, “मग कोणतं गाव मिळालं?”

चूक सरांची नाही. आमच्या खात्यात समुपदेशन म्हणजे पदस्थापना. सभागृहात रिकाम्या जागांची यादी लावलेली, सेवाज्येष्ठतेने नाव पुकारलं जातं, पुढे जायचं आणि उरलेल्यातलं एक गाव तोंडाने बोलायचं. विचाराला वेळ किती, तर एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायला मिळतो तेवढा. समोरच्या माणसाचा विनाअट स्वीकार करा, असं कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगून ठेवलंय. आमच्याकडे तो स्वीकार कर्मचाऱ्याने करायचा असतो, आणि खाली सही.

तरी मी प्रवेश घेतला. दिवसभर शाळा, अपडाऊन, पोषण आहाराची माहिती ॲपवर, मतदार यादीचं काम वेगळंच. संध्याकाळी सातला लेक्चर. आमच्या गावात रेंज फक्त गच्चीवर येते, तीही पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं तर. विषय ‘सक्रिय श्रवण’. मॅडम म्हणाल्या, “सर्वांनी शांत खोलीत बसावं.” फेब्रुवारी सरत आलेला, खाली अंगणात हळद शिजवायचा कुकर सुरू, वाफेचा आवाज असा की रेल्वेचं इंजिन दारात लावलंय. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिजत असताना एम.ए. करणाऱ्याला काही मिळालेलं नाही.

पुढे प्रात्यक्षिक आलं. एका व्यक्तीचं समुपदेशन करून अहवाल लिहायचा. घरच्यांनी ठाम नकार दिला, म्हणून शेजारच्या नानांना धरलं.

“नाना, सध्या मनात काय चाललंय?”

“सोयाबीनचं चाललंय. हमीभाव म्हणे ५,३२८. अन् व्यापारी काय देतो, तुला माहीतच हाय.”

पुस्तकात लिहिलंय, की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत त्याच्यापुढे ठेवावं. मी ठेवलं. “म्हणजे भाव मिळत नसल्यामुळे तुम्ही अस्वस्थ आहात.”

“तेच तर म्हणलो ना आत्ता! कानात काही झालंय का तुझ्या?” मग जरा थांबून, “तुझ्या त्या पुस्तकात भावाचं काही हाय का रे?”

“नाही नाना. फक्त भावनांचं.”

नाना उठून गेले. त्यांना काय बोलणार? आमच्याच जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या शेतकऱ्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात कर्ज फेडायला स्वतःचे अवयव विकायला काढले होते, दर लावून. आपल्या मालाचा भाव शेतकऱ्याने स्वतः ठरवल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. त्यावर कोणतं तंत्र वापरावं, हे आमच्या अभ्यासक्रमाच्या एकाही घटकात नाही.

तशात ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा आदेश आला: मानसशास्त्र यापुढे दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही, नवे प्रवेश बंद. आदेश चुकीचा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मोबाइलवर शिकलेल्या माणसाकडून मी साधी दाढही काढून घेणार नाही, मग मन का द्यावं? माणसासमोर बसल्याशिवाय हे शास्त्र येत नाही, असं आमच्या मॅडमही सांगायच्या. एवढंच, की तेव्हा त्यांचा कॅमेरा बंद असायचा आणि आमचेही. पण रोज वर्गात बसून शिकलेला समुपदेशक सेनगावच्या फाट्यावर कधी उतरणार, हे आदेशात नाही. तो आलाच, तर समुपदेशनाने पदस्थापना होऊन येईल आणि दुसऱ्या दिवसापासून बदलीच्या मागे लागेल. तोवर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नानांना लिहून दिलाय. त्यांनी तो खताच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवलाय.

तसा ऐकण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा मागास नाही. पुजाऱ्यांनी नामदेव महाराजांना देवळामागे पिटाळलं, तेव्हा त्यांचं कीर्तन ऐकायला औंढ्याचं देऊळच फिरलं, अशी कथा आहे. आता त्याच औंढ्याजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्राने २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की प्रोटॉनहूनही बारीक थरथर तिला इथे कळेल. नानांचं घर आमच्या घराला लागून आहे, मधे एकच भिंत.

परवा रात्री नाना आपणहून गच्चीवर आले. लेक्चर अडकलं होतं, पडद्यावर मॅडमचं नाव आणि एक फिरतं चाक. मतदार यादीने मी इतका शिणलो होतो, की ‘बसा’ एवढंच म्हणालो. नाना बोलत राहिले. थोरल्या मुलाचं, बँकेच्या नोटिशीचं, विहिरीचं, बायकोच्या गुडघ्याचं. तासभर तरी. मला एकही तंत्र आठवलं नाही, ‘हं’सुद्धा म्हणायचं राहून गेलं. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाले, “आज बरं वाटलं बघ. आज तू शहाणपणा नाही केलास.”

अहवाल त्याच रात्री लिहिला. शेवटचा रकाना होता: ‘वापरलेले तंत्र’. तिथे लिहिलं, ‘रेंज नव्हती.’